सहा खड्डे आणि एक फांदी

१

खड्डे मी तीनदा मोजले. तिन्ही वेळा सहाच भरले.

सोमवारची सकाळ, साडेसात वाजलेले. दर सोमवारी मी वही घेऊन त्या उतारावर जाते, शहारीची नोंद करायला. शहारी म्हणजे कमरेएवढं, पांढऱ्या फुलांचं झुडूप. पानांवर बारीक ताठ लव असते, अंगावर काटा आल्यासारखी, म्हणून शहारी. एके काळी सगळा डोंगर तिचाच होता म्हणतात. मग दगडाची खाण खालून वर सरकत आली आणि झुडपं संपत गेली. आता जगाच्या पाठीवर सहा उरली होती. गेल्या सोमवारची माझी नोंद अशी आहे: 'सहाही झुडपांची फुलं संपली. फळं धरली. दोन झुडपांचं बी गळायला लागलं.'

आणि आज सहा खड्डे.

गुरुवारी सरकारची पाहणी समिती येणार होती. झुडूप आपल्या मूळ जागी उभं दिसलं तर उतार खाणीला कायमचा बंद. नाही दिसलं तर उतार खाणीचा. आमच्या वनस्पती संस्थेत शिपायापासून सगळ्यांना हे पाठ होतं.

पण खरं सांगते, त्या क्षणी मला ना समिती आठवली ना शहारी. मी ओरडले, "दादा!"

माझा सख्खा भाऊ त्या उताराचा राखणदार. तिथंच पत्र्याच्या खोलीत राहतो. खोलीचं दार उघडं होतं. पांघरुणाची घडी घातलेली. फोन चार्जिंगला लावलेला, त्यावर माझेच चार मिस्ड कॉल. खुंटीवर टोपी नव्हती, दोराचं वेटोळंही नव्हतं. भांड्यात उरलेल्या चहावर साय येऊन ती सुकून गेली होती.

मी मुळातच भित्री. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते. दादा मला भागूबाई म्हणूनच हाक मारतो. पण हे भिणं निराळं होतं. मी त्याचा फोन उचलला आणि घट्ट धरून ठेवला.

दुपारी पोलीस पंचनामा करून गेले. जाताना हवालदार म्हणाला, "कुंपणानंच शेत खाल्लं, बाई. भाऊ तुमचा झुडपं विकून पसार झालाय. त्याचा फोन आला की कळवा."

त्याचा फोन तर माझ्याच हातात होता.

२

रडत रडत मी आत्याला फोन केला. आत्या म्हणजे निवृत्त बियाणं तपासनीस. बोगस बियाणं विकणारे दुकानदार तिला पाहून शटर खाली ओढायचे. "बी खोटं बोलत नाही गं, पिशवी बोलते," हे तिचं ठरलेलं वाक्य. संध्याकाळच्या गाडीनं ती आली, दारातच म्हणाली, "रडून झालं? मग नाक पूस आणि भात टाक. उपाशी पोटी डोकं चालत नाही."

मंगळवारी सकाळी तिला उतारावर नेलं. साठी उलटलेली बाई, पण पहिल्याच खड्ड्याशी बसकण मारली आणि आत हात घातला.

"कड बघ कशी गोल कातरली आहे. खोडापासून चांगली हातभर लांब. तळाला बोट लाव."

"ओलं लागतंय."

"आणि इथं बाहेर?"

"ठणठणीत कोरडं. महिनाभर पाऊस नाही."

सहाही खड्डे तिनं असेच चाचपले. चौथ्यातून एक लाल दोऱ्याचा तुकडा काढला, भिंगाखाली धरला आणि पदराच्या टोकाला बांधून टाकला.

"काय आहे, आत्या?"

"दोरा."

"ते मलाही दिसतंय."

"मग विचारतेस कशाला?"

आत्याचं हे असंच. मला मात्र एकच विचारायचं होतं आणि शेवटी विचारलंच. "दादा जिवंत असेल ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खोलीत जाऊन रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली. "मला एक सांग. पळून जाणारा माणूस फोन ठेवून दोर घेऊन जातो का?"

क्षणभर जिवात जीव आला. मग दोर घेऊन माणूस आणखी कशासाठी जातो ते मनात आलं आणि मी तिथंच दाराला धरून खाली बसले.

३

मंगळवारी संध्याकाळी आम्ही खाणीच्या ऑफिसात गेलो. सगळ्यावर पांढरी धूळ. टेबल, फाइली, पंखा, खाणमालक शेठच्या भुवया. बाहेर दगड फोडायचं यंत्र असं घणघणत होतं की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे.

"या या!" शेठनं स्वतः खुर्च्या झटकल्या. चहा आला आणि बघता बघता त्यावरही धुळीचा थर चढला. मी कप हातातच धरून बसले. आत्यानं फुंकर मारली आणि प्यायला सुरुवात केली.

"ही धूळ कुठवर जाते हो?"

"वारा नेईल तिथवर. तो सगळा उतार पांढरा आहे. तुमच्या त्या झुडपांना रोज पावडर लावायचं काम माझ्याकडेच की!" शेठ आपल्याच विनोदावर खदखदून हसला.

ते खरंच होतं. शहारीच्या लवेत धूळ अशी धरून बसते की पाण्यानं धुतली तरी निघत नाही. माझ्या संग्रहातला उतारावरचा एकेक नमुना राखाडी आहे.

"झुडपं गेल्यामुळं तुमचंच फावलं," आत्या म्हणाली.

"फावलं ना! नाही कोण म्हणतंय? पण मला उपटायची असती तर मशीन घातलं असतं. खड्डे कोरत बसायला मला काय दुसरा उद्योग नाही? आणि मी घाई कशाला करू? तुमच्या संस्थेचे साहेबच म्हणाले, गुरुवारपर्यंत कळ काढा..."

आणि तो थांबला. जीभ चावल्यासारखा कप उचलून तोंडाला लावला.

निघताना मात्र दारापर्यंत आला. आवाज एकदम खाली आणून मला म्हणाला, "ताई, डोंगर वाईट असतो. माणूस पडला तर महिना महिना सापडत नाही. तुम्ही एकट्यादुकट्या फिरू नका."

ती काळजी होती की धमकी, मला अजून कळलेलं नाही. त्या रात्री मी आत्याचा हात धरून झोपले, लहान पोरीसारखी.

४

त्याआधी, मंगळवारी दुपारीच, आम्ही साहेबांना भेटलो होतो. आमच्या संस्थेचे प्रमुख. गोड बोलणारे, हळू चालणारे. एके काळचे गाजलेले वनस्पतितज्ज्ञ; आता दिवसभर खुर्चीत. माझ्या नोंदी दर सोमवारी त्यांच्या टेबलावर जातात आणि दर शनिवारी तशाच परत येतात, घडीसुद्धा न मोडता.

त्यांनी मला स्वतः पाणी दिलं. टेबलावर पुठ्ठ्याची एक सुंदर इमारत होती, सगळी काचेची.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"आमचं नवं काचघर. खाणवाले शेठ बांधून देताहेत. संस्थेचं भाग्य." साहेबांनी पुठ्ठ्याच्या दारावरची पाटी रुमालानं पुसली. पाटीवर त्यांचंच नाव होतं.

"हिच्या भावाला शेवटचं कधी पाहिलंत?" आत्यानं विचारलं.

"यांच्या बंधूंना? छे हो. महिना झाला असेल. माझं उताराकडे जाणंच होत नाही. डोक्यावर कामाचा डोंगर, खऱ्या डोंगरावर कधी जाणार?" मग माझ्याकडे वळून त्यांनी मान हलवली. "फार वाईट वाटतं. काय टपोऱ्या कळ्या धरल्या होत्या शहारीनं! उमलायच्या आतच गेली बिचारी."

मी मान डोलावली. साहेब बोलले की मान डोलवायची, अकरा वर्षांची सवय. शिवाय त्यांचा आवाज इतका हळवा होता की मला पुन्हा रडू आलं.

"तुम्ही आता आठवडाभर घरी राहा," ते म्हणाले. "संग्रहाच्या खोलीला मी उद्या कुलूप घालतो. पोलिसांना लागेल."

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "पोलिसांना वाळलेली पानं कशाला लागतात गं?"

५

बुधवारी सकाळी आत्या कुठंतरी एकटीच निघाली. जाताना दटावून गेली. "खोलीला कुलूप लागायच्या आत जा आणि तुझे कागद बदलून ये. दोन दिवस हात लावला नाहीस. दुःख आपल्या जागी आणि बुरशी आपल्या जागी."

माझं काम नमुने वाळवायचं. फांदी वर्तमानपत्रात पसरायची, त्यावर टिपकागद, असे थर रचून दोन लाकडी चौकटींमध्ये पट्ट्यांनी आवळायचे. याला आम्ही दाबपेटी म्हणतो. कागद ओल शोषतात, म्हणून ते रोज सकाळी नऊ वाजता बदलायचे. दादाला हे पक्कं ठाऊक, तो नेहमी चिडवायचा, "तुझं घड्याळ बंद पडलं तरी कागद थांबायचे नाहीत."

सोमवार-मंगळवार कागद थांबले होते.

पट्ट्या सोडल्या. वरचे दोन थर शुक्रवारचे, गवताचे. तिसऱ्या थराचा कागद मी घातलेला नव्हता. रविवारची पुरवणी होती ती. मी ती उलगडली.

आत शहारीची फांदी होती.

नमुना ठेवताना एक पान उलटं ठेवायचं असतं, पाठ दिसावी म्हणून. हे दादाला मी शंभरदा शिकवलंय आणि तो शंभरदा विसरलाय. इथंही सगळी पानं सुलटी. म्हणजे हे त्याचंच काम! रविवारी संस्था बंद, पण किल्ली मी कुंडीखाली ठेवते ते त्याला माहीत. मला चकित करायला त्यानं फांदी ठेवली होती.

मी पानावरून बोट फिरवलं. लव स्वच्छ होती, बोटाला कणभर धूळ नाही. आणि फांदीवर फळ नव्हतं, फूलही नव्हतं. घट्ट मिटलेल्या सात कळ्या. टपोऱ्या.

"काय सापडलं?"

साहेब दारात उभे होते. हातात कुलूप.

"काही नाही, साहेब. जुना नमुना. गेल्या वर्षीचा." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ते जवळ आले, वाकले आणि नखानं एक पान हळूच दाबलं. वर्षभर वाळलेलं पान दाबलं की चुरा होतो. हे पान नुसतं वाकलं आणि परत सरळ झालं. त्यांना कळलं. त्यांना कळल्याचं मला कळलं. त्यांच्या अंगाचा साबणाचा वास येत होता, इतके ते जवळ होते, आणि मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

साहेब हसले. "छान दाबलीय," म्हणाले आणि गेले. कुलूप टेबलावरच राहिलं.

मिनिटभरात बाहेर त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

६

मी फांदी छातीशी धरून पळत सुटले. फाटकातच आत्या भेटली. तिनं संस्थेच्या माळीबुवांना मनगटाला धरून आणलं होतं. सत्तरीचा माणूस, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सांगा हिला," आत्या म्हणाली.

"झुडपं मीच उचलली, ताई. माझ्या परसात आहेत, ओल्या पोत्यांखाली. एकही मेलेलं नाही."

"मला कालच कळलं होतं," आत्या म्हणाली. "चोर हातभर लांबून कड कातरत नाही. उकरायच्या आधी पाणी देऊन माती बसू देत नाही. आणि हा लाल दोरा, हा कशाचा होता, बुवा?"

"उत्तरेकडच्या फांदीला बांधायचा. झाड ज्या तोंडानं वाढलं त्याच तोंडानं पुन्हा लावायचं. बापानं शिकवलं होतं."

"बघ. लपूनछपून काम करतानाही हाताची सवय सुटली नाही."

"चोरी नाही हो केली! साहेब म्हणाले, खाणवाले झुडपं जाळणार आहेत, रविवारी दुपारी उचल आणि कुणाजवळ बोलू नको. मी म्हटलं, राखणदार ओरडेल. तर म्हणाले, त्याला मी बरोबर घेऊन जातो, तू काळजी करू नको."

साहेबांनी तर दादाला महिनाभर पाहिलं नव्हतं!

मी फांदी पुढं केली. आत्यानं भिंग लावलं.

"धूळ नाही. म्हणजे?"

"खाणीचा वारा पोचत नाही तिथली आहे."

"आणि अजून कळ्याच?"

"सावलीतली आहे. ऊन कमी, म्हणून उशिरा." बोलता बोलता मलाच दिसत गेलं. "आत्या, दादाला दुसरीकडे शहारी सापडली! जंगली! रविवारी तो साहेबांना हेच सांगायला आला असणार. ती झुडपं समितीनं पाहिली असती तर सगळा डोंगरच बंद झाला असता."

"आणि काचघरही. बरं, गार सावलीची, धूळ नसलेली, दोराशिवाय जाता येत नाही अशी जागा कुठली?"

माळीबुवा आणि मी एकदमच म्हणालो, "जुनी खाण."

डोंगराच्या पाठीमागं आहे ती. चाळीस वर्षांपूर्वी सोडून दिलेली. ताशीव कडे, तळाला पाणी. तिकडे कुणी फिरकत नाही.

"काल साहेब काय म्हणाला आठवतंय?" आत्यानं विचारलं. "टपोऱ्या कळ्या. उतारावर तर फळं गळायला लागली होती. तुझ्या नोंदी तो वाचत नाही, म्हणून त्याला ठाऊक नाही. मग कळ्या त्यानं कुठं पाहिल्या?"

"आत्या," मी म्हणाले, "त्यांची गाडी दहा मिनिटांपूर्वी गेली."

७

नंतर काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. समितीनं गुरुवारी जुनी खाण राखीव केली. माळीबुवांनी सहाही झुडपं त्याच खड्ड्यांत, त्याच तोंडानं परत लावली; दोन मेली. लावलेलं झाड जंगली धरायचं की नाही यावर वाद चाललाय, उताराचं घोंगडं अजून भिजतच आहे. साहेब कुठं आहेत ते पोलिसांना विचारा.

पण बुधवारी आम्ही तिथं पोचलो तेव्हा साहेब कड्याच्या टोकाशी उभे होते आणि त्यांच्या हातात दादाच्या दोराचं वेटोळं होतं. पलीकडच्या चालू खाणीतल्या यंत्राच्या घणघणाटात त्यांना आमची चाहूल लागली नाही.

"साहेब," आत्या म्हणाली, "दोर कुणाचा?"

ते दचकले नाहीत. वळून म्हणाले, "मी त्याला ढकललेलं नाही. तो खाली उतरून झुडपं मोजत होता. मी फक्त दोर वर ओढून घेतला." एखादा अर्ज परत घेतल्यासारखं सांगितलं त्यांनी.

"आणि आज कशाला आलात?"

त्यांनी हातातल्या दोराकडे पाहिलं. "मला माहीत नाही."

खोटं बोलत नव्हते ते. त्याचीच मला आजही भीती वाटते. माळीबुवांनी त्यांच्या हातातून दोर काढून घेतला, तर मुकाट्यानं ते एका दगडावर जाऊन बसले.

मी पालथी पडून खाली ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. मग खूप खालून, घोगरं, "कोण?"

"मी आहे, दादा! मी!"

आम्ही बुवांचा जाड दोर खाली सोडला. दादा पाण्याच्या वरच्या कपारीत बसलेला दिसत होता, एक पाय वाकडा. चढायचा प्रयत्न करताना मोडला होता. दोराचं टोक अगदी त्याच्या पुढ्यात लोंबलं. त्यानं हात लावला नाही. उलट कड्याला चिकटून मागं सरकला.

"दोर नको," तो ओरडला. "साहेब आहे वर. अर्ध्यात आणून सोडेल."

"नाही रे, मी आहे! आत्या आहे!"

"तीन दिवस तुझेच आवाज ऐकतोय मी. दरवेळी कुणी नसतं."

चाळिशीला आलेला, डोंगरात एकटा राहणारा माझा भाऊ दोराला भीत होता. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ती दोर परत वर ओढायला लागली.

"मी उतरते," कुणीतरी म्हणालं. मीच म्हणाले होते.

बुवांनी दोर खडकाला वेढा देऊन धरला. आत्यानं माझ्या कमरेला आणि मांड्यांना गाठी मारल्या, प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. मग माझे पाय कड्यावरून सुटले. किती भ्याले ते सांगता येत नाही. डोळे मिटले की गरगरायचं, उघडले की तळाचं काळं पाणी दिसायचं. मी मोठ्यानं रडत खाली जात होते. वाटेत शहारी लागली. कड्याच्या भेगाभेगांतून वाढलेली, हिरवीगार, कळ्यांनी लगडलेली. माणसांनी खणून टाकून दिलेल्या जागेत ती गुपचूप परत आली होती. रडता रडताच मी मोजली. नऊ.

पाय कपारीला टेकले तसा दादानं हात पुढं केला, पण मला धरलं नाही. आधी बोटांनी माझा गाल चाचपला, ओला लागला तेव्हा त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"खरी आहेस," तो म्हणाला.

"खरी आहे. चल आता."

साहेबांकडून काढून घेतलेला दोरही वरून खाली सोडला होता, तो मी त्याच्या काखेतून घालायला लागले, तर त्यानं माझं मनगट पकडलं. ओठ फुटले होते, डोळे वर कड्याकडे लागले होते.

"वर कोणी धरलाय?"

"बुवांनी. आणि आत्यानं."

"आत्यानं?"

"हो."

त्यानं दुसऱ्या हातानं दोर एकदा ओढून पाहिला. मग मनगटावरची पकड सैल झाली.

"मग बांध," तो म्हणाला.